कोंदण

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दृढीकरणाआधी (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास सर्वांसमोर कबूल करण्याच्या विधीआधी) मुलामुलींसाठी काही महिने शिकवणीचा वर्ग असतो, आणि गेली बरीच वर्षे तो वर्ग मी घेते. रविवारची उपासना संपली की मोठी माणसे अंगणात बोलत उभी राहतात आणि आम्ही दहा-बारा जण बाजूच्या खोलीत फळ्यासमोर बसतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी विषय होता विश्वासाने नीतिमान ठरण्याचा. मी नेहमीचे उदाहरण दिले: न्यायालय आहे, आरोपी उभा आहे, गुन्हा शाबीत आहे, आणि तरीही न्यायाधीश ख्रिस्ताकडे पाहून त्या आरोपीला निर्दोष ठरवतो. मागे बसलेल्या एका मुलीने हात वर केला. ती एरवी फारसे बोलत नसे. ती म्हणाली, "टीचर, मी नीतिमान नाही हे देवाला माहीत आहे ना? तरी तो मला नीतिमान म्हणतो. मग तो खोटं बोलतो का?"

मी तिला पुस्तकातले उत्तर दिले. देव आपल्याकडे ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वातून पाहतो, आपण ते नीतिमत्त्व वस्त्रासारखे पांघरलेले असते, असे मी सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "म्हणजे वरून पांघरूण, आणि आत मी तशीच?" तेवढ्यात वेळ संपली, मुले उठली, आणि मी फळा पुसत असताना माझ्या लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. इतकी वर्षे मी तो धडा शिकवत होते, आणि हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता, याची मला खंत वाटली.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा 'ठरवणे' या क्रियापदाचाच विचार केला. आपण म्हणतो, लग्नाची तारीख ठरली, भाव ठरला, तो दोषी ठरला. ठरल्यामुळे वस्तू बदलत नाही, तिच्याविषयीचा निर्णय तेवढा होतो. मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांनी हे क्रियापद योग्यच निवडले आहे, कारण पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्दही न्यायनिवाड्यातला आहे. सोळाव्या शतकात युरोपात झालेल्या धर्मसुधारणेच्या काळात, मार्टिन ल्यूथरचा सहकारी फिलिप मेलँक्थॉन याने या न्यायालयीन अर्थावर विशेष भर दिला, आणि पुढच्या पिढ्यांमध्ये नीतिमान ठरण्याची शिकवण प्रामुख्याने याच चौकटीत मांडली गेली. ती चौकट खोटी आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. अपराधी मनाला निर्दोषत्वाचा निवाडा ऐकायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या मुलीचा प्रश्न वेगळा होता. तिला निवाड्यामागचे सत्य हवे होते.

आमची मंडळी ल्यूथरन, म्हणजे ल्यूथरच्या परंपरेतली, नाही. आमचे आजोबा-पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, आणि १९७० साली नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन जी उत्तर भारतीय मंडळी स्थापन केली, तिच्यात ल्यूथरन सामील नव्हते. त्यामुळे धर्मसुधारणेची सुरुवात करणाऱ्या या जर्मन ईश्वरविद्यातज्ज्ञाचे, मार्टिन ल्यूथरचे, नाव आमच्याकडे ऑक्टोबरच्या अखेरीस, धर्मसुधारणेच्या रविवारी घेतले जाते, १५१७ सालच्या पंचाण्णव प्रबंधांची गोष्ट सांगितली जाते, आणि त्याचे लेखन सहसा कोणी वाचत नाही. मीही वाचले नव्हते. त्या मुलीच्या प्रश्नामुळे मी पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रावरचे ल्यूथरचे भाष्य वाचायला घेतले.

ही १५३१ साली विटेनबर्गच्या विद्यापीठात दिलेली व्याख्याने होत. ल्यूथर तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. गेऑर्ग ऱ्योरर नावाचा त्याचा सहकारी समोर बसून भराभर टिपणे घेत असे, आणि त्या टिपणांवरून १५३५ साली हा ग्रंथ छापला गेला. गलतीकरांस पत्रावर ल्यूथरचा जीव होता. हे पत्र म्हणजे माझी कॅथरीना फॉन बोरा, असे तो आपल्या पत्नीचे नाव घेऊन म्हणत असे, आणि भाष्य वाचताना ते पटते, कारण त्यात पंडिती सावधपणा नाही, जवळच्या माणसाविषयी बोलताना येते तशी ऊब आहे. दुसऱ्या अध्यायातल्या सोळाव्या वचनापाशी आले तेव्हा एक वाक्य वाचून मी थांबले. तिथे ल्यूथर म्हणतो की विश्वास ख्रिस्ताला धरतो, त्याला आपल्यापाशी उपस्थित ठेवतो, आणि अंगठी जसे रत्न धरून ठेवते तसा त्याला आपल्यात सामावून घेतो. ज्याच्या हृदयात असा धरलेला ख्रिस्त सापडतो, त्याला देव नीतिमान गणतो.

मी ते वाक्य मनात मराठीत म्हणून पाहिले आणि आपोआप 'कोंदण' हा शब्द आला.

त्याच आठवड्यात मी आईची अंगठी घेऊन सराफाकडे गेले होते. लाल खड्याची, माझ्या आजीकडून आईकडे आलेली, फार किमतीची नसलेली अंगठी. खडा हलायला लागला होता आणि तो पडून हरवेल या भीतीने आईने ती काढून रुमालात बांधून ठेवली होती. सराफाने डोळ्याला भिंग लावले, चिमट्याने खडा अलगद उचलून कागदावर ठेवला, आणि मग रिकामी अंगठी माझ्यासमोर धरली. खड्याखालची जागा काळवंडलेली होती. कित्येक वर्षांचा साबण, पीठ, तेल, मळ तिथे साचला होता. खडा गेल्यावर कोंदण म्हणजे नुसता एक खळगा उरतो, हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. त्याने तो खळगा कोरून साफ केला, खडा पुन्हा बसवला, आणि पोलादी सळईच्या टोकाने सोन्याची कड एकेका बाजूने दाबत खड्यावर वळवत नेली. "ताई, कड फार झिजलीय," तो म्हणाला, "पण धरेल."

ल्यूथरला नेमके काय म्हणायचे होते ते मला त्या दुकानात उमगले. त्याच्या आधीच्या विद्यापीठीय ईश्वरविद्येत असे शिकवत की नुसता विश्वास हा कच्चा असतो, त्याला रूप आणि तेज प्रीतीमुळे येते, आणि अशी प्रीतीने घडलेली श्रद्धा माणसाला देवापुढे मान्य करते. ऐकायला हे चांगलेच वाटते. ल्यूथरचा आक्षेप असा होता की मग माणसाची नजर अखेर स्वतःच्या प्रीतीकडे वळते, आणि ती पुरेशी आहे का हे तो आयुष्यभर तपासत बसतो. मठात असताना ल्यूथरने स्वतः हेच केले होते. म्हणून त्याने त्या मांडणीतला मधला शब्द बदलला: विश्वासाला रूप देणारी गोष्ट म्हणजे माझी प्रीती नव्हे, तर स्वतः ख्रिस्त. रंग भिंतीला शोभा आणतो तसा ख्रिस्त विश्वासाला शोभा आणतो, पण तो रंगाहून कितीतरी घट्ट, जणू सांधून टाकल्यासारखा माझ्याशी जोडलेला आहे. विश्वास हा माझा सद्गुण म्हणून देवाला आवडत नाही. सद्गुण म्हणून पाहिला तर तो खळगाच आहे. त्यात जो बसला आहे, त्याच्यामुळे त्याला मोल आहे.

आणि मग 'देव खोटे बोलतो का' या प्रश्नाचे स्वरूपच बदलते. देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याच्या आत खरोखरच नीतिमान असा कोणीतरी उपस्थित आहे. पांघरुणाची उपमा चुकीची नव्हती, पण अपुरी होती.

एवढ्यावर मी थांबले असते, पण वाचता वाचता कळले की याच वाक्यांवरून गेल्या पन्नास वर्षांत ल्यूथरच्या अभ्यासकांमध्ये मोठा वाद झाला आहे, आणि त्याची सुरुवात फिनलंडमध्ये झाली. तुओमो मान्नेरमा हे हेलसिंकी विद्यापीठात ईश्वरविद्येचे प्राध्यापक होते. फिनलंडची बहुसंख्य प्रजा परंपरेने ल्यूथरन, पण देशाला रशियाची लांबलचक सीमा लागून आहे आणि तिथे ऑर्थडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या प्राचीन ख्रिस्ती परंपरेतली, मंडळीही लहान असली तरी जुनी आणि मानाची आहे. १९७०च्या दशकात फिनलंडच्या ल्यूथरन मंडळीने रशियन ऑर्थडॉक्स मंडळीशी चर्चा सुरू केल्या. ऑर्थडॉक्स ख्रिस्ती तारणाविषयी बोलताना न्यायालयाची भाषा क्वचितच वापरतात. त्यांचा शब्द आहे थिओसिस, म्हणजे माणसाचे देवाच्या जीवनात सहभागी होणे, देवत्व पावणे. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या अथनासियसचे वाक्य त्यांच्या जिभेवर असते, की आपण देव व्हावे म्हणून तो मनुष्य झाला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात 'दैवी स्वभावाचे वाटेकरी' असे जे शब्द आहेत, त्यांच्यावर ही सारी शिकवण उभी आहे. १९७७ साली कीव्ह येथे झालेल्या बैठकीत दोन्ही बाजूंनी एकत्र बसून तारणाचा विचार नीतिमान ठरणे आणि देवत्व पावणे या दोन्ही शब्दांत केला. त्या तयारीत मान्नेरमांनी ल्यूथर नव्याने वाचला, आणि त्यांना भाष्यातले एक लॅटिन वाक्य कळीचे वाटले: विश्वासातच ख्रिस्त उपस्थित असतो. ल्यूथरच्या मते विश्वासाने नीतिमान ठरणे आणि विश्वासाने देवाच्या जीवनात सहभागी होणे या दोन वेगळ्या घटना नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते.

हे आधी कोणाला दिसले कसे नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. मान्नेरमा आणि त्यांच्या शिष्यांचे उत्तर मला विचार करण्याजोगे वाटते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतले मोठे ईश्वरविद्यातज्ज्ञ, विशेषतः आल्ब्रेख्त रिट्शल आणि त्यांची परंपरा, कांट आणि लोत्झ या तत्त्वज्ञांच्या प्रभावाखाली होते. वस्तू स्वतः काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, तिचा आपल्यावर होणारा परिणाम तेवढा कळतो, असा तो विचार. या चष्म्यातून ल्यूथर वाचला की 'ख्रिस्त विश्वासात उपस्थित आहे' या वाक्याचा अर्थ आपोआप 'ख्रिस्ताचा माझ्या इच्छाशक्तीवर परिणाम होतो' असा होतो. उपस्थिती जाते आणि प्रभाव उरतो. ल्यूथरला कांट माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तो 'उपस्थित' म्हणतो तेव्हा त्याला उपस्थितच म्हणायचे असते, जसे प्रभुभोजनाच्या भाकरीविषयी बोलताना तो 'हे माझे शरीर आहे' यातल्या 'आहे' या शब्दावरून तसूभरही हलायला तयार नव्हता.

आता मराठी वाचकाच्या मनात येणारी एक शंका मी टाळणार नाही. देव होणे हे शब्द आपल्या कानाला परके नाहीत. अद्वैताची आणि भक्तीची एवढी मोठी परंपरा आपल्या भाषेत मुरलेली आहे की 'विश्वासाने देवत्व' म्हटले की जीव-शिवाचे ऐक्य, थेंबाचे सागरात विरणे, या प्रतिमा चटकन पुढे येतात. ल्यूथरचे म्हणणे त्या जागी बसवण्याचा मोह मला झाला होता. पण ते तिथे बसत नाही. त्याच्याकडे थेंब विरत नाही. १५२० साली त्याने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जी पुस्तिका लिहिली आणि पोप दहाव्या लिओला पत्रासोबत पाठवली, तिच्यात दोन उपमा आहेत. पहिली लोखंड आणि अग्नीची, जी प्राचीन मंडळीच्या आचार्यांपासून चालत आली आहे: तापलेले लोखंड अग्नीशी एकरूप होऊन अग्नीसारखे लाल दिसते, तसे वचन आपले गुण आत्म्याला देते.

लहानपणी आमच्या गावाबाहेर घिसाड्यांची पाले पडत, आणि मी भात्यापाशी तासन् तास उभी राहत असे. काळा विळा निखाऱ्यांतून बाहेर येई तेव्हा तो आधी गर्द लाल, मग नारिंगी झालेला असे, त्याच्या जवळ तोंड नेले तर भाजल्यासारखे होई, आणि त्याला हात लावणे म्हणजे विस्तवाला हात लावणे होते. तरी तो विळाच असे. घण पडायचा तो लोखंडावरच. आणि निखाऱ्यातून काढून थोडा वेळ गेला की तो पुन्हा काळा पडे. उष्णता लोखंडाची मालमत्ता कधीच होत नव्हती. ल्यूथरला जे म्हणायचे आहे त्याच्या हे फार जवळ आहे.

दुसरी उपमा लग्नाची. विश्वास आत्म्याला ख्रिस्ताशी असा जोडतो की जसा वधूला वराशी, आणि लग्न झाल्यावर दोघांचे सारे एकमेकांचे होते. वधूकडे आहे पाप, मरण, शिक्षा. वराकडे आहे कृपा, जीवन, तारण. विश्वासाच्या लग्नाच्या अंगठीमुळे वधूचे कर्ज वराच्या माथी येते आणि वराची संपत्ती वधूच्या घरी येते. ल्यूथर याला आनंदाची अदलाबदल म्हणतो. पुढे गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर बोलताना तो या अदलाबदलीची दुसरी बाजू इतक्या धीटपणे मांडतो की वाचताना अंगावर काटा येतो: ख्रिस्त जगातला सर्वांत मोठा चोर, खुनी, व्यभिचारी, सर्वांत मोठा पापी झाला, कारण सगळ्यांची पापे त्याने स्वतःवर घेतली. माणसाने देवत्वाचे वाटेकरी होणे ही या व्यवहाराची फक्त अर्धी बाजू आहे. उरलेली अर्धी बाजू म्हणजे देवाने आपल्या दुर्दशेचे वाटेकरी होणे. ती सोडून पहिली बाजू सांगितली तर ती एक उंच उडी मारण्याची कल्पना होऊन बसते. ल्यूथरला ज्या गोष्टीचे सर्वांत जास्त भय वाटे, ती नेमकी हीच होती.

कारण याच ल्यूथरने १५१७ साली, पंचाण्णव प्रबंधांच्या काही आठवडे आधी, विद्यापीठीय ईश्वरविद्येविरुद्धच्या वादासाठी लिहिले होते की मनुष्याला स्वभावतः देव हा देव असावा असे वाटूच शकत नाही, त्याला स्वतःलाच देव व्हायचे असते. स्तोत्रांवरच्या भाष्यात तो म्हणतो की ख्रिस्त आपल्याला दुःखी आणि गर्विष्ठ देवांपासून खरी माणसे बनवतो. आणि १५३० च्या जूनअखेरीस, आउग्सबुर्ग येथे धर्माच्या वादावर साम्राज्याची सभा चालू असताना त्याच्यावर साम्राज्याची बंदी असल्यामुळे त्याला कोबुर्गच्या किल्ल्यात थांबावे लागले होते, तेव्हा तिथून आपला मित्र स्पालाटिन याला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले की आपण माणसे असायचे आहे, देव नव्हे, हेच साऱ्याचे सार. एकीकडे हे, आणि दुसरीकडे तरुणपणच्या एका नाताळच्या प्रवचनात अथनासियसचेच वाक्य घेऊन, देव माणूस झाला तो माणसाने देव व्हावे म्हणून, असे सांगणारा तोच उपदेशक. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले.

उलगडा झाला तो १५१८ च्या एप्रिलमध्ये हायडेलबर्ग येथे मांडलेल्या अठ्ठाविसाव्या प्रबंधाने. देवाची प्रीती तिला आवडणारी वस्तू शोधत नाही, अशी वस्तू ती निर्माण करते, आणि माणसाची प्रीती आवडणाऱ्या वस्तूमुळे जन्माला येते, असा त्याचा आशय आहे. माणूस सुंदर, चांगले, उपयोगी, थोर असे काही पाहतो आणि त्याच्याकडे ओढला जातो. म्हणून माणसाला देव व्हायचे असते तेव्हाही त्याला वर जायचे असते, जे मोठे आहे ते आपले करायचे असते. देव मात्र जिथे काहीच नाही तिथे जातो, आणि पापी लोक सुंदर आहेत ते त्यांच्यावर प्रीती केली जाते म्हणून. आता देवाच्या स्वभावाचे वाटेकरी होणे म्हणजे या प्रीतीचे वाटेकरी होणे असेल, तर त्याची दिशा खालीच असणार. स्वातंत्र्यावरच्या त्या पुस्तिकेच्या शेवटी हेच आहे: ख्रिस्ती माणूस स्वतःत जगत नाही, तो विश्वासाने ख्रिस्तात आणि प्रीतीने शेजाऱ्यात जगतो, विश्वासाने तो स्वतःच्या वर देवापर्यंत नेला जातो आणि प्रीतीने स्वतःच्या खाली शेजाऱ्यापर्यंत उतरतो. ख्रिस्ताने जसे स्वतःला मला दिले तसा मी माझ्या शेजाऱ्यासाठी जणू एक ख्रिस्त होईन, असे तो म्हणतो. देव होऊ पाहणारा गर्विष्ठ माणूस आणि देवाच्या जीवनात घेतला गेलेला माणूस यांच्यात फरक करण्याची यापेक्षा साधी खूण मला माहीत नाही. एकाला खाली वाकण्यात कमीपणा वाटतो, आणि दुसरा तिथेच सापडतो.

सराफाकडून आणलेली अंगठी आईच्या बोटात घालताना मी हेच मनात घोळवत होते. तिची दृष्टी आता बरीच गेली आहे. तिने अंगठ्याने खडा दोन-तीनदा दाबून पाहिला, तो हलत नाही याची खात्री केली, आणि हात पदराखाली घेतला.

या शिकवणीला एकदा भलतेच वळण लागले होते, त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ल्यूथर १५४६ साली गेला. चार वर्षांनी क्योनिग्सबर्गमध्ये आन्द्रेआस ओसिआंडर या ल्यूथरन ईश्वरविद्यातज्ज्ञाने शिकवायला सुरुवात केली की आपल्या आत वस्ती करणारा ख्रिस्ताचा दैवी स्वभाव हेच आपले नीतिमत्त्व, आणि त्यापुढे आपले पाप म्हणजे महासागरातला एक थेंब. हाच ओसिआंडर १५४३ साली कोपर्निकसच्या ग्रंथाला निनावी प्रस्तावना लिहिणारा. त्याचे म्हणणे वरवर पाहता ल्यूथरचेच वाटते, आणि तरी मेलँक्थॉनपासून त्याच्या कट्टर विरोधकांपर्यंत सारे जण ओसिआंडरविरुद्ध एक झाले. त्याची चूक माझ्या मते अशी की त्याने दैवी स्वभाव वधस्तंभापासून सोडवून घेतला. रक्त सांडलेला, शाप झालेला, आपले कर्ज डोक्यावर घेतलेला ख्रिस्त मागे राहिला आणि एक तेजस्वी दैवी तत्त्व तेवढे आत आले. अशा तत्त्वाकडे पाहून भेदरलेल्या मनाला दिलासा कसा मिळणार? १५७७ च्या एकमताच्या लेखात, म्हणजे ल्यूथरन मंडळ्यांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, ल्यूथरन आचार्यांनी मग क्रम लावून दिला: आधी पापक्षमा आणि नीतिमान गणले जाणे, आणि देवाची आपल्यातली वस्ती त्यानंतर. ओसिआंडरपासून वाचण्यासाठी ते आवश्यक होते, हे मला मान्य आहे. पण त्या क्रमाने अंगठीतला खडा काढून पेटीत ठेवला आणि अंगठीला पावती बांधली, असेही मला वाटते.

मान्नेरमांच्या म्हणण्यावरही टीका झाली आहे आणि ती हलकी नाही. देवत्व पावण्याचा शब्द ल्यूथरच्या अफाट लेखनात फार थोड्या ठिकाणी येतो. तरुण ल्यूथरच्या वाक्यांवर जास्त भार टाकला जातो. आणि प्रौढ ल्यूथर अखेरपर्यंत 'देव पाप मोजत नाही' या निवाड्याच्या भाषेला धरून होता. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि म्हणूनच मला १५३५ चे भाष्य महत्त्वाचे वाटते, कारण ते तरुण ल्यूथरचे नाही. त्यात अंगठीच्या उपमेजवळच तो स्पष्ट म्हणतो की तीन गोष्टी एकत्र जोडलेल्या आहेत: विश्वास, ख्रिस्त, आणि देवाने मान्य करणे किंवा गणणे. तिन्ही. खडा आत आहे म्हणून निवाडा खोटा नाही, आणि मळ अजून आहे म्हणून निवाड्याची गरज रोज आहे. जे अभ्यासक या तिन्हींतले एक निवडायला लावतात, त्यांच्यापेक्षा मला इथे ल्यूथर अधिक विश्वासार्ह वाटतो. याच भाष्यात तो असेही म्हणतो की विश्वास ही देवत्वाची निर्माती आहे, आणि लगेच पुढे जोडतो: देवाच्या स्वरूपात नव्हे, आपल्यात. इतके धाडसी वाक्य आणि इतकी तत्पर मर्यादा एका श्वासात येते, आणि मला त्या वाक्यातला धाडसाचा भाग जितका आवडतो तितकाच मर्यादेचाही.

पुढच्या रविवारी मी वर्गात आईची अंगठी मागून नेली. मुलांनी ती हातोहात फिरवली. मी त्यांना कोंदणाखालच्या मळाविषयी, झिजलेल्या कडेविषयी सांगितले. ल्यूथरची एक गोष्टही सांगितली: दोन माणसांकडे शंभर-शंभर गुल्डन, म्हणजे त्या काळची नाणी, आहेत, एकाने ते कागदी पिशवीत ठेवले आहेत आणि दुसऱ्याने लोखंडी पेटीत, पण दोघांकडे धन सारखेच आहे, आणि दुबळ्या विश्वासात धरलेला ख्रिस्त बळकट विश्वासातल्या ख्रिस्ताहून लहान नसतो. मग मी त्या मुलीकडे वळून म्हटले की देव तुला नीतिमान म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, कारण तू एकटी नाहीस, आणि गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातले विसावे वचन तिला वाचायला लावले. तिने वाचले, "ह्यापुढे मी जगतो असे नाही, तर ख्रिस्त माझ्या ठायी जगतो."

ती बराच वेळ अंगठी बोटात फिरवत राहिली. मग तिने विचारले, "टीचर, तो आत असेल तर मला कळत का नाही?"

या वेळी माझ्याकडे निदान दाखवायला काहीतरी होते, कारण हा प्रश्न ल्यूथरलाही पडला होता. त्याच भाष्यात तो म्हणतो की विश्वास हे एक असे ज्ञान आहे की ज्यात काही दिसत नाही, तो हृदयातला एक ढग आहे, अंधार आहे, आणि सीनायवर व मंदिरात देव जसा अंधारात बसला होता तसा विश्वासाने धरलेला ख्रिस्त या अंधारात बसलेला असतो. तो तिथे कसा उपस्थित असतो हे आपल्या विचारशक्तीला कळत नाही. मी हे सांगितले आणि निर्गमाचा विसावा अध्याय उघडून पुस्तक तिच्या हातात दिले. तिने बोट ठेवून ओळ शोधली. लोक दूर उभे राहिले, आणि देव होता त्या निबिड अंधाराजवळ मोशे गेला, असे तिथे आहे. तिने ते मोठ्याने वाचले, मग कोणी न सांगता पुन्हा एकदा हळू वाचले, आणि अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली.